पहिले पान आणि शेवटचे पान

रमजानचा चंद्र दिसण्याआधी मुस्लिम घरांत एक ठरलेले काम असते. ताकातला कुरआन शरीफ खाली उतरवला जातो, त्याचे जुजदान म्हणजे कापडी वेष्टण धुतले जाते, रेहल पुसली जाते. ईद जवळ आली की पुन्हा एकदा अशीच आवराआवर होते. तेव्हा पाने सुटलेल्या, वाळवी लागलेल्या प्रती बाजूला निघतात आणि त्या ‘ठंड्या’ केल्या जातात. म्हणजे वाहत्या पाण्यात सोडतात किंवा पाय पडणार नाही अशा जागी पुरतात. नाकाडोंगरीच्या बाजूला वाहते पाणी म्हणजे बावनथडी. शेजारच्या हिंदू घरातली बासनात बांधलेली जीर्ण पोथीही याच वाटेने जाते. पवित्र अक्षरांचा अवमान होऊ नये, ही दोन्ही घरांतली भावना सारखीच आणि योग्यच. प्रश्न एवढाच, की पाण्यात सोडण्यापूर्वी ती प्रत कोणी उघडून पाहते का?

छापखाना येण्यापूर्वी कुरआनाची प्रत एका माणसाच्या हातची नसे. कातिब मजकूर लिही आणि मग पाने सजावट करणाऱ्याकडे जात. या कलेला ‘तझहीब’ म्हणतात; ‘जहब’ म्हणजे सोने. सोन्याचा वर्ख खलून त्याची शाई करायची, ती लावून वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायची, की ती चमकते. निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. ही सजावट शोभेसाठी होती तशीच वाचणाऱ्याच्या सोयीसाठीही होती. आयत संपली की सोन्याचा गोल ठिपका, सूरा सुरू झाली की नक्षीची चौकट आणि नवा पारा लागला की समासात फूल. तरावीहच्या नमाजात महिनाभर कुरआन ऐकणाऱ्याला तीस पाऱ्यांचे हे गणित ठाऊकच असते.

पण सजावटीवर नजर खिळते आणि हस्तलिखिताचा दुसरा अर्धा इतिहास सुटून जातो. तो पहिल्या आणि शेवटच्या पानावर असतो, जिथे फारसे काही सुंदर नसते. तिथे मालकाचा शिक्का असतो, कोणाकडून कितीला घेतले याची नोंद असते, कधी कुणाच्या जन्माची तारीख असते. मुघल ग्रंथालयांत तपासणी झाली की ‘अर्ज-दीदा’ अशी नोंद तारखेसह होई, ग्रंथाची प्रत अव्वल की दुय्यम तेही लिहीत. विजापूरच्या आदिलशाही ग्रंथालयातली पुस्तके आज याच शिक्क्यांवरून ओळखता येतात. ती असार महालात पडून होती. सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि १८५३ मध्ये लंडनला पोहोचली. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात १३९९ मध्ये पूर्ण झालेला सोनेरी, निळ्या आणि लाल अक्षरांचा कुरआन आज कॅनडात टोरांटोच्या आगा खान संग्रहालयात आहे. तो कुठे तयार झाला हे आज सांगता येते, कारण लिहिणाऱ्याने ते शेवटी लिहून ठेवले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांत बोलके उदाहरण पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचे फारसी काव्य जपलेले आहे. कवी आफताबी, विषय अहमदनगरचा हुसेन निजामशहा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईतला त्याचा पराक्रम आणि खुंजा हुमायूनशी झालेला त्याचा विवाह यांचे हे गुणगान. लढाईनंतर काही महिन्यांतच सुलतान वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार राणीने पाहिला आणि हा ग्रंथही तिच्याच काळात तयार झाला असे अभ्यासक मानतात. मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा आज उरली आहेत. त्यांत सुलतानाच्या शेजारी राणी बसलेली असायला हवी; पण बहुतेक ठिकाणी तिच्या जागी घासलेला, रंग फासलेला डाग दिसतो. १५६९ मध्ये मुलानेच आईला कैदेत टाकले. सत्ता गेली तशी ती पानांवरूनही गेली. पुसणारा कोण हे लिहिलेले नाही, पण पुस्तक कोणाच्या ताब्यात गेले ते त्या डागांवरून समजते. त्याच ग्रंथातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलले आहे. संस्कृत काव्यातली ही दोहदाची कल्पना. निजामशाहीच्या फारसी ग्रंथात ती आली, आणि तिथल्या कोणालाही ती परकी वाटली नसावी.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत १५१६ सालची महाभारताच्या आरण्यक पर्वाची सचित्र पोथी आहे. ती आग्र्याजवळ तयार झाली आणि तिच्या समाप्तीलेखात सिकंदर लोदीच्या राज्याचा उल्लेख आहे. त्याच इमारतीत दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे मध्ययुगीन हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेले. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, पुस्तक मुंबईतच राहिले.

सगळ्यांचे नशीब असे नसते. इराणच्या शाह तहमास्पच्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. विसाव्या शतकात तो अमेरिकेतल्या एका धनिकाने विकत घेतला आणि त्याची पाने सुटी करून वाटली, विकली. उरलेला भाग १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या विमानतळावर एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाला. अखंड ग्रंथापेक्षा सुट्या पानांचे पैसे जास्त होतात, हा हिशेब जुन्या वस्तूंचा व्यापारी जाणतो. नक्षीचे पान तो नेतो. शिक्क्याचे पान कुणाला नको असते.

नाकाडोंगरीत शाहनामा सापडेल असे कोणी म्हणत नाही. घरातली जुनी प्रत बहुतेक वेळा शिळाछापाची निघेल. त्यातही सांगण्यासारखे असते. लखनऊच्या नवल किशोर प्रेसने कुरआनच्या प्रती मोठ्या संख्येने छापल्या, आणि छापखान्याचे मालक मुन्शी नवल किशोर हिंदू होते. हाताने लिहिलेली प्रत ओळखण्याची साधी खूण म्हणजे शाई कुठे दाट, कुठे फिकी दिसते आणि सोने असेल तर पान तिरके धरल्यावर चमकते. तांब्याच्या हिरव्या रंगाची चौकट असेल तर तिथला कागद जळाल्यासारखा फाटतो. विदर्भातल्या महानुभाव पोथ्यांकडेही असेच पाहायला हवे. सकळसारख्या सांकेतिक लिपींमुळे त्या विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेर वाचल्याच गेल्या नाहीत. त्या बासनांतच राहिल्या म्हणून जुन्या मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा हाती आला.

पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुने, मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ते परदेशी नेता येत नाही. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून भंगाराच्या भावात सौदे होतात. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन काढले, २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटींहून अधिक हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतमची घोषणा झाली. ही मोजणी नागपूर-पुण्यातल्या संस्थांपाशी थांबली तर तिचा आकडा कागदावरच राहील. मशिदीचे इमाम, महानुभाव मठातले महंत आणि शाळेतले शिक्षक यांना सोबत घेतले, तरच मोजणारे घरातल्या ताकापर्यंत पोहोचतील.

तोवर घरच्यांनी करण्यासारखे थोडेच आहे. जुनी प्रत निघाली की आधी पहिल्या आणि शेवटच्या पानाचा, शिक्क्याचा, समासातल्या हस्ताक्षराचा मोबाइलवर फोटो काढावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून ती कुठून आली, कोणी वाचायचे, हे एका वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. एवढे झाल्यावर, ती खरोखरच ठंडी करण्याच्या अवस्थेत असेल, तर बावनथडी कुठे जात नाही.