तासाची किंमत कोण ठरवतो?

'पैसा मर्यादित आहे, प्राधान्य ठरवावेच लागेल.' अर्थसंकल्प आला की हे वाक्य ऐकू येते. ते आम्हाला मान्य आहे. तुटीवर मर्यादा आहे, म्हणजे काही प्रकल्प मागे राहणारच. आमचा प्रश्न एवढाच की नेहमी आमच्याच वस्तीचे काम मागे का राहते?

उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. प्रकल्पाचा खर्च आणि लाभ रुपयांत मांडला जातो. रस्त्याच्या बाबतीत वाचलेला वेळ हा मोठा लाभ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आर्थिक मूल्यमापनाच्या पुस्तिकेत मोटारीतल्या प्रवाशाचा तास बसमधल्या प्रवाशाच्या तासापेक्षा महाग धरला आहे. ज्याची मिळकत जास्त, त्याचा वेळ मोलाचा! मग परताव्यानुसार यादी लावली की महामार्ग वर जातो आणि वस्तीचा रस्ता तळाला. कोणी जात विचारली नाही, फक्त गणित केले. पण पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला कमी मजुरी दिली गेली आणि आज तीच कमी मजुरी 'कमी लाभ' म्हणून आमच्या विरोधात मोजली जाते.

दुसरी पद्धत नाही असे नाही. ब्रिटिश अर्थखात्याच्या 'ग्रीन बुक'मध्ये गरिबाच्या पदरात पडणाऱ्या लाभाला जास्त वजन देण्याची पद्धत सांगितलेली आहे. आपल्याकडे 1979-80 पासून विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचा, हे तिचे तत्त्व. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे. हा वाटा परताव्याच्या शर्यतीत उतरवायचाच नसतो.

पण तिजोरीवर ताण आला की आधी हात इथेच पडतो. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी वळवले गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. 'लाभार्थींमध्ये दलित महिलाही आहेतच ना?' असे विचारले जाते. आहेत. पण त्या योजनेवर त्यांचा हक्क राज्याच्या नागरिक म्हणून आहे. त्याची किंमत त्यांच्याच मुलांच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या खात्यातून का वसूल करायची?

आमच्या मागण्या दोन. पहिली, उपयोजनेचा निधी वळवता येणार नाही असा कायदा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये उपयोजनेचा कायदा केला. कर्नाटकात कलम 7(ड) ची पळवाट राहिली आणि ती 2023 मध्ये काढावी लागली, हा धडाही घ्यावा. दुसरी, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या मूल्यमापन टिपणात लाभ कोणत्या समाजघटकाला किती, हे लिहावे आणि ते टिपण लोकांसमोर ठेवावे.

बाबासाहेबांनी 1915 मध्ये कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. रयतेकडून किती घेतले आणि रयतेवर किती खर्च केले, हा हिशेब त्यांनी परक्या सत्तेकडे मागितला. तोच हिशेब आपण निवडून दिलेल्या सरकारकडे मागायला कचरण्याचे कारण नाही. येत्या अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदाराला तो विचारा.

जय भीम!