आडनांवाचें मोल

मनुष्यास नांव आईबाप विचार करून देतात. आडनांव मात्र त्यास जन्माबरोबर आयतें मिळतें. जी वस्तु आपण कमावली नाहीं, निवडलीही नाहीं, तिच्याविषयीं गर्व वाहणें किंवा लाज धरणें हीं दोन्ही सारखींच अविचाराचीं लक्षणें होत. तरी वर्गांत हजेरी चालू असतां एखादें आडनांव उच्चारलें गेलें कीं मुलें हंसतात. आणि मोठीं माणसें नवा मनुष्य भेटतांच, त्याचे गुण पाहण्याआधीं, आडनांव विचारून त्याची जात ताडूं पाहतात. या दोन्ही सवयींचें मूळ एकच. आडनांव म्हणजे काय, याचा आपण कधीं विचारच केलेला नसतो.

आडनांवें अनादि कालापासून चालत आलीं आहेत असें पुष्कळांस वाटतें. पण जुने कागद पाहावे तों सामान्य मनुष्याची ओळख 'अमका बिन तमका', म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, अशी दिलेली आढळते. तुकाराममहाराजांच्या घराण्यास मोरे व आंबिले अशीं दोन नांवें लावितात. परंतु किती वाचकांस तीं ठाऊक असतील? 'देहूचे तुकाराम' एवढी ओळख लोकांस पुरली.

आपल्या आडनांवांचा एक मोठा वर्ग गांवांवरून पडलेला आहे. नीरेच्या कांठच्या होळ गांवचे ते होळकर. गोव्यांतील मंगेशीचे ते मंगेशकर. यांत एक मौज आहे. ज्या गांवांत सारेच सातारचे, तेथें एकट्यास सातारकर म्हणून काय उपयोग? तें नांव पुष्कळदां गांव सोडून परमुलखीं गेलेल्यास तेथील लोकांनीं दिलेलें असतें. म्हणजे अनेक 'कर' आडनांवांत पोट भरण्यासाठीं घर सोडलेल्या कोण्या पूर्वजाची आठवण दडलेली आहे.

दुसरा वर्ग हुद्द्यांचा. गांवचा प्रमुख पाटील, गांवचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी. परगण्याचा प्रमुख देशमुख, तेथील हिशेब ठेवणारा देशपांडे. 'नीस' हें फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, या शब्दाचें रूप होय. त्यावरून चिटणीस, पारसनीस हीं नांवें झालीं. छत्रपति शिवाजीमहाराजांनीं १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या वेळीं फारसी पदनामांच्या जागीं संस्कृत नांवें योजिलीं. डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला. तरी डबीर व सुरनीस हीं आडनांवें आजही महाराष्ट्रांत नांदत आहेत. पुढें परगणे व कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें बंद झालीं आणि मुलकी पाटलाचें पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. आज देशमुखांच्या मुलाकडे परगणा नाहीं आणि कुलकर्ण्यांच्या मुलीस गांवचें दप्तर लिहावें लागत नाहीं. दुकान उठलें, पाटी तेवढी राहिली. त्या पाटीकडे पाहून आंतील मालाची किंमत कशी करावी?

तिसरा वर्ग धंद्यांचा. सोनार, लोहार, सुतार हीं नांवें स्पष्टच आहेत. पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा, हें मात्र कित्येक पोतदारांसही सांगावें लागतें. चवथा वर्ग टोपणनांवांचा : काळे, गोरे, बोबडे, वाघ, कोल्हे. कोणाचा वर्ण, कोणाच्या बोलण्याची लकब, कोणाचें धाडस, तर कोठें शेजाऱ्यांनीं केलेली निव्वळ थट्टा. थट्टा करणारा आणि जिची थट्टा झाली ती व्यक्ति, दोघेंही केव्हांच मातीस मिळालीं. मग त्या थट्टेचें देणें आजच्या दहा वर्षांच्या मुलानें वर्गांत रोज कां फेडावें?

आडनांव अढळ आहे, हाही एक भ्रम. श्रीवर्धनचे भट पेशवाई मिळाल्यावर पेशवे झाले. बाळाजी जनार्दन भानु हे नाना फडणवीस म्हणून इतिहासांत अमर झाले. कटगुणचें गोऱ्हे घराणें पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय करूं लागलें, म्हणून जोतीराव हे फुले. आंबडवे गांवच्या सकपाळ घराण्यांतील एका मुलाचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या शाळेंत दाखल झालें. गांवावरून शाळेंत लागलेलें आडनांवच पुढें आंबेडकर म्हणून जगास ठाऊक झालें. या दोन थोर पुरुषांस आडनांवानें मोठेपण दिलें नाहीं. त्यांनींच आपल्या आडनांवास मोठेपण दिलें.

धर्माची खूण म्हणूनही आडनांव कच्चेंच. गोव्यांत व वसईच्या बाजूस पोर्तुगीज अमलांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांस पाद्र्यांचीं किंवा धर्मपित्यांचीं आडनांवें मिळालीं. त्यांतील फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र आणि परेरा म्हणजे नासपतीचें झाड. आपल्या 'बिन'चाच तो सोयरा समजावा. उलट रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तरी टिळकच राहिले.

कोणी म्हणतील, असें असेल तर आडनांवें टाकूनच कां देऊं नयेत? ज्यांस तें ओझें झालें ते राजपत्रांत जाहीर करून तें बदलतात. त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. दोष त्यांचा नाहीं, हंसणारांचा व जात चांचपणारांचा आहे. परंतु सर्वांनीं आडनांव टाकावें असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांत वंशावळ नाहीं, जुना कागद नाहीं, त्या घराच्या इतिहासाचें तें एकच अक्षर पुष्कळदां शिल्लक असतें. अक्षर पुसूं नये; तें वाचण्यास शिकावें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत आजीआजोबांपाशीं बसून आपल्या आडनांवाची हकीकत विचारा व ती वहींत लिहून ठेवा. आईच्या माहेरच्या आडनांवाचीही विचारा. तो अर्धा इतिहास बहुधा लग्नाच्या मांडवांतच हरवतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचें नांव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें केला आहे. त्या नांवामागची गोष्ट लिहिण्याचें काम मात्र घराचें आहे. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाचा नवा सोबती घरीं आला म्हणजे त्याचें आडनांव विचारण्याआधीं त्यास कोणता खेळ आवडतो तें विचारावें. घरांत आपण काय विचारतों, तेंच मूल शाळेंत विचारतें.