शिलकी अंदाजपत्रक, रिकामी तिजोरी

जून 2015 मध्ये पूर्व दिल्लीच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. पगार थकल्यामुळे सफाई कामगारांनी काम थांबवले होते. यमुनापार राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती दुर्गंधी आजही आठवत असेल. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कोठे पैशांची जुळवाजुळव झाली. पुढील दोन वर्षांतही संपाची पुनरावृत्ती झाली. वरून अपेक्षित असलेले अनुदान आले नाही, की नगराचे अंदाजपत्रक प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून जुळवले जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या दुखण्याचे मूळ 2012 च्या त्रिभाजनात आहे. त्या वर्षी दिल्ली महापालिकेचे तीन तुकडे झाले. उत्तर आणि दक्षिणेला प्रत्येकी 104 प्रभाग मिळाले, तर पूर्वेला 64. संपन्न वसाहती आणि मोठ्या बाजारपेठा यांमुळे दक्षिणेचा मालमत्ता कर भक्कम होता. पूर्वेच्या वाट्याला दाट वस्ती, अनधिकृत वसाहती आणि तुटपुंजा कर आला. कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि जबाबदाऱ्या मात्र वाटून मिळाल्या. ही तूट दिल्ली सरकारच्या अनुदानातून भरून निघेल, असे गृहीत धरले गेले.

ते गृहीतकच फसले. चौथ्या दिल्ली वित्त आयोगाच्या शिफारशींवरून महापालिका आणि दिल्ली सरकार यांच्यातील वाद न्यायालयात पोहोचला. जुन्या कर्जांचे हप्ते अनुदानातून कापून घ्यावेत की नाही, यावरूनही खडाजंगी झाली. डिसेंबर 2020 मध्ये तिन्ही महापौर 13,000 कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोर धरणे धरून बसले. दिल्ली सरकारने अशी कोणतीही थकबाकी नसल्याचे सांगत महापालिकांच्या कारभारावर बोट ठेवले. महापालिका भाजपकडे आणि सरकार आम आदमी पक्षाकडे, त्यामुळे हिशेबाच्या प्रत्येक आकड्याला पक्षाचा रंग चढला. त्यात दिल्लीची घटनात्मक अडचण वेगळीच. केंद्रीय वित्त आयोग राज्यांतील नगरपालिकांसाठी जी अनुदाने सुचवतो, त्यांच्या कक्षेत केंद्रशासित दिल्ली येत नाही. केंद्रीय करांतील वाट्याऐवजी दिल्लीला 2001-02 पासून वर्षानुवर्षे 325 कोटींचीच ठरावीक रक्कम मिळत राहिली.

अनुदान बुडाले की नगरापुढे तीन मार्ग उरतात. पहिला, स्वतःचे उत्पन्न वाढवणे. पण घरपट्टी वाढवून मतदारांचा रोष ओढवून घेण्यास नगरसेवक धजावत नाहीत. दुसरा, खर्चात कपात. पण महापालिकेच्या खर्चात वेतन आणि निवृत्तिवेतनाचा वाटा मोठा असतो आणि त्याला कायद्याने कात्री लावता येत नाही. म्हणून कात्री चालते ती नाले, रस्ते आणि दवाखान्यांवर. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक: अनुदान येणारच असे धरून ते जमेच्या बाजूला मांडायचे आणि देणी पुढे ढकलायची. रोखीच्या हिशेबात न दिलेले बिल खर्च म्हणून दिसतच नाही. कागदावर शिल्लक उरते आणि सफाई कामगाराच्या घरात उधारी वाढते. निधीची चणचण ही वेतन न देण्याची सबब होऊ शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये बजावले, ते याच कारणाने.

महाराष्ट्राचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. परंतु तत्पूर्वी राज्याने नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा केला. 2016-17 हे आधारवर्ष आणि दरवर्षी 8 टक्के वाढ, असे सूत्र त्यात लिहिले गेले. त्याच महिन्यात 647 कोटींचा पहिला धनादेश मुंबई महापालिकेला मिळाला. स्वतःच्या हातातील कर गेल्याने परावलंबन वाढले, हे खरेच. तरीही कायद्यातील सूत्रावर अंदाजपत्रक उभे राहू शकते. मंत्र्याच्या मर्जीवर नाही.

मे 2022 मध्ये तिन्ही महापालिका पुन्हा एक झाल्या. त्रिभाजनात महसुलाची विभागणी विषम होती, हे एकीकरणाच्या विधेयकाने स्वतःच मान्य केले. तथापि एकीकरणाने दक्षिणेचा पैसा पूर्वेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते. एकूण तिजोरीत त्यामुळे एका रुपयाचीही भर पडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीची सत्ता आणि एप्रिलमध्ये महापौरपद भाजपकडे आले. केंद्र, राज्य आणि महापालिका एकाच पक्षाच्या हाती आल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय त्या क्षणी संपली. वित्त आयोगाचा वाटा ठरल्या तारखेला देण्याचे बंधन आणि मालमत्ता कराची निर्भीड वसुली, या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर अंदाजपत्रके पूर्वीप्रमाणेच जुळत राहतील. त्यांची किंमत मात्र पहाटे झाडू हाती घेणाराच मोजेल.