परवाना रक्षणाचा, मिरवण्याचा नव्हे

वरातीत, मिरवणुकीत कुणाच्या कमरेला पिस्तूल दिसले की सोलापूरकर दोन पावले मागे सरतो. मिरवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

शस्त्राची बाजूही ऐकली पाहिजे. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना सूट दिली. १९३०मध्ये तर सोलापूरने मार्शल लॉ सोसला. या पार्श्वभूमीवर काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क आला, पण तोही नियमांच्या चौकटीत. आडरानातल्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची किंवा रोकड नेणाऱ्या व्यापाऱ्याची भीती आजही खोटी नाही.

परंतु भीतीवरचा उपाय चारचौघांत दाखवायचा नसतो. उघडे शस्त्र गर्दीत हिसकावले जाऊ शकते. बाचाबाची गोळीवर जाऊ शकते. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी शस्त्र झाकूनच न्यावे लागते. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने, जल्लोषात बेफिकीर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठरवले.

कायदा पुरेसा आहे. पोलिसांनी तो पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यालाही लावावा, आणि आपण अशा ‘रुबाबा’चे कौतुक थांबवावे.