‘कळवतो’ म्हणजे नेमके काय?

नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यांत जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, तर ‘कळवतो’. नाशिकच्या अंबड-सातपूर पट्ट्यातले कारखाने, शहरातली कापडाची दुकाने, खाजगी दवाखाने, विनाअनुदानित शाळा, सगळीकडे मुलाखतीचा शेवट याच शब्दाने होतो. “ठीक आहे ताई, कळवतो.” नकार देण्याचा हा सभ्य मार्ग आहे असे मालकांना वाटते. ज्या बाईला तो ऐकवला जातो, तिला मात्र हा नकार होता हे उमगायला पंधरा दिवस, कधी महिना लागतो. तेवढ्या काळात ती दुसरीकडे अर्ज करत नाही. हातातले पोळ्यांचे काम सोडून बसते. सासरी ‘बहुतेक लागेल’ असे सांगून ठेवलेले असते, आणि मग रोज संध्याकाळी विचारणा होते, “काय झालं तुझ्या नोकरीचं?” तिच्याजवळ उत्तर नसते. उत्तर नसणे म्हणजे घरात तोंडावर पडणे.

आणि मालकाने खरोखरच कळवले तरी ते कोणाला कळते? नोकरी शोधणाऱ्या बाईंबरोबर काम करणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हा अनुभव नवा नसेल. अर्जावर नंबर असतो नवऱ्याचा किंवा थोरल्या मुलाचा. घरात चांगला फोन एकच, आणि तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो. अकरा वाजता कार्यालयातून फोन येतो, तो नवरा उचलतो. “कोण बोलतंय? कसली नोकरी? रात्रपाळी आहे का?” पलीकडचा माणूस दोन मिनिटांत कंटाळतो आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो. कधी नवरा निरोप सांगायला विसरतो, कधी ‘विसरतो’. बाई मात्र समजते की आपल्यातच काही कमी होते. अर्ज करणारी आणि नोकरी देणारा या दोघांमध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, आणि रोजगार मेळाव्यांच्या कोणत्याही फलकावर त्याचा उल्लेख नसतो. म्हणून माझा पहिला आग्रह अगदी साधा आहे. अर्जावर बाईचा स्वतःचा नंबर हवा. तो नसेल तर शेजारणीचा, गटाच्या अध्यक्षाबाईंचा किंवा आपल्या संस्थेचा चालेल, पण निरोप बाईपर्यंत पोचेल असा हवा.

आता जाहिराती पाहा. “पाहिजेत : महिला. आकर्षक पगार. समक्ष भेटा.” पगार किती? समक्ष भेटल्यावर सांगू. वेळ कोणती? समक्ष. सुट्टी? तीही समक्षच. म्हणजे दिंडोरीहून निघालेल्या मुलीने बसचे भाडे खर्चून, आईची किंवा स्वतःची एक दिवसाची मजुरी बुडवून, पगाराचा आकडा ऐकायला शहरात यायचे. तो आकडा ऐकून ती उठते, तेव्हा मालक म्हणतात, “बायकांना कामच करायचं नसतं.” आकडा आधी छापला असता तर दोघांचाही दिवस वाचला असता. पण न छापण्यात एक सोय आहे. समोर बसलेली बाई किती अडलेली आहे हे पाहून आकडा ठरवता येतो.

मुलाखतीतले प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. लग्न झाले का? कधी करणार? मुले किती, आणखी हवीत का, सांभाळायला सासू आहे ना? हे सारे एकेकाळी छापील फॉर्मवरच असे. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्मवर बाईला मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, गर्भपात झाला आहे का, असे रकाने होते. त्यातली माहिती खोटी दिली या कारणाने एका महिला कर्मचाऱ्याला परिविक्षा काळातच काढले गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीरा माथुर खटल्यात तिला कामावर परत घ्यायला लावले आणि असे रकाने लाजिरवाणे आहेत, ते काढून टाका, असे महामंडळाला सांगितले. भारतीय स्टेट बँकेच्या नियमात तीन महिन्यांहून अधिक गर्भवती असलेली उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’ ठरवली गेली, तेव्हा देशभर टीका झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये बँकेला तो नियम मागे ठेवावा लागला. दोन्ही वेळा लढता आले, कारण गोष्ट कागदावर होती.

आता मालक शहाणे झाले आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदुरला आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना घेत नाहीत, असे वृत्त रॉयटर्सने जून २०२४ मध्ये दिले. त्या वृत्तानुसार ही अट भरती करणाऱ्या एजन्सींना तोंडी सांगितलेली होती, आणि मुलाखतीला आलेल्या दोन तरुणींना फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने “लग्न झालंय का?” एवढे विचारून परत पाठवले होते. कंपनीने भेदभाव होत असल्याचे नाकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये असे वृत्त आले की वय, लिंग, वैवाहिक स्थिती हे उल्लेख जाहिरातींतून काढा, अशा सूचना एजन्सींना मिळाल्या आहेत. उल्लेख गेले, चांगले झाले. पण फाटकावरचा प्रश्न गेला की नाही हे जाहिरात वाचून कसे कळणार? ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे छापणाऱ्याला निदान पत्र लिहून जाब विचारता येत होता. ‘कळवतो’ म्हणणाऱ्याला कशाचा जाब विचारायचा?

मालकाचे म्हणणे अजिबात ऐकूच नये असे मी म्हणणार नाही. सकाळी आठची पाळी सांभाळणारे माणूस त्याला हवे असते. मग त्याने तेवढेच विचारावे, “आठ ते पाच जमेल का? महिन्यातून आठवडाभर रात्रपाळी जमेल का?” हाच प्रश्न पुरुषालाही विचारावा. सासूच्या तब्येतीची चौकशी करायचे कारण नाही. बाळंतपणाच्या खर्चाची त्याची भीती मात्र खरी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि जिथे राज्य विमा योजना लागू नाही तिथे त्या रजेचा पगार एकट्या मालकावर पडला. या खर्चात सरकारने वाटा उचलावा ही मागणी चळवळीने जितक्या जोराने लावायला हवी होती तितकी लावलेली नाही. त्याची किंमत नोकरी न मिळालेल्या मुली मोजतात.

आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांबद्दलही बोलायला हवे. मुलाखतीची तयारी म्हणून मुलींना काय शिकवले जाते? ताठ बसा, हसून बोला, पगाराचे स्वतःहून विचारू नका, प्रत्येक गोष्टीला ‘हो सर’ म्हणा. हे लग्नासाठी दाखवण्याच्या कार्यक्रमाचेच शिक्षण झाले! जी मुलगी सगळ्याला हो म्हणते तिला कामाच्या पहिल्या दिवशी कळते की सुटायची वेळ सातची आहे आणि गावाची शेवटची बस साडेसहाची. ती दुसऱ्या महिन्यात न सांगता काम सोडते, आणि मालक पुढच्या वेळी पुरुष घेतो. उलट, जे सांगायला हवे ते आपल्या बायका सांगत नाहीत. आठ वर्षे बचत गटाचे हिशेब लिहिलेली, बँकेच्या मॅनेजरशी कर्जासाठी वाद घातलेली बाई अर्जात लिहिते, “अनुभव : नाही.”

लग्न, गरोदरपण लपवावे का, यावर आमच्या बैठकीत नेहमी वाद होतो. माझे मत असे की ज्या माहितीवर मालकाचा हक्कच नाही, ती न देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. कामाच्या वेळेबद्दल मात्र खरे तेच सांगावे, अगदी नोकरी हातची जाईल असे वाटले तरी.

आणखी एक गोष्ट गटांमध्ये आवर्जून सांगा. मुलाखत घेणारा साहेब स्वतःच्या नंबरवरून रात्री दहाला “जेवलात का?” असे मेसेज पाठवू लागला, किंवा कार्यालयाऐवजी हॉटेलात बोलावू लागला, तर ‘मी तर तिथे नोकरीलाही नाही, तक्रार कुठे करू?’ असे मुलींना वाटते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रार करणारी स्त्री ‘नोकरीत असो वा नसो’ असे स्पष्ट म्हटले आहे. नोकरीचे आमिष दाखवून केलेली मागणी त्यात येते. कंपनीत अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मेसेज पुसून टाकू नका.

कायदा बाकीच्या बाबतीत कुठवर साथ देतो? २०१९ च्या वेतन संहितेत भरतीच्या वेळी लिंगावरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत नेमणूकपत्र देण्याची सक्ती आहे. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. त्यांवर कामगार संघटनांचे अनेक गंभीर आक्षेप आहेत आणि ते मला मान्य आहेत, पण नेमणूकपत्राचे कलम आपण हातचे जाऊ देता कामा नये. अडचण ही की ते पत्र नेमणुकीनंतरचे. त्याआधीच्या ‘कळवतो’च्या काळाला कोणताच कायदा नाही.

म्हणून आम्ही आता बाई पाठवण्याआधी मालकाकडून एक चिठ्ठी भरून घेतो. हातात पडणारा पगार, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, बायकांसाठी वेगळे संडास आहे का, आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या नंबरवर कळवणार. नकार असेल तर ‘नाही’ एवढा एका शब्दाचा मेसेज पुरे. काही मालक चिठ्ठी भरतात. काही म्हणतात, “आम्ही नोकरी द्यायची आणि वर परीक्षाही आम्हीच द्यायची?” एका तयार कपड्यांच्या युनिटच्या मालकाने सगळे रकाने भरले, फक्त पगाराचा मोकळा सोडला. आम्ही चिठ्ठी परत पाठवली. आठ दिवसांनी ती आली, आकडा पेन्सिलीने लिहिलेला. आम्ही त्यावर पेन फिरवून मागितले आहे.