आमच्याकडचा बर्फ काळा असतो

बरेच महिने ब्लॉगवर धूळ साचली होती. आज झटकतोय, आणि जरा रागातच झटकतोय. नात्यातली जी मंडळी इथे डोकावतात त्यांना राग कशाचा ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

तर झालं असं की, मिनेसोटातल्या आमच्या आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. अंगणात गुडघाभर बर्फ, त्यात त्याची जुनी गाडी आणि शेजारी एकावर एक रचलेले चार टायर. खाली लिहिलं होतं, "माझी गाडी मागच्या चाकांवर चालते. थंडीचे टायर चढवल्याशिवाय मी नोव्हेंबरनंतर दूध आणायलाही गाडी काढत नाही." झालं. आमच्या मंडळींना विषय मिळाला. कोणी म्हणालं, तिकडे गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं. कोणी म्हणालं, दोन-दोन जोड टायर म्हणजे अमेरिकेतली चैन. आणि एकाने लिहिलं, "आपलं बरंय बाबा. बर्फ नाही, काही नाही. एकदा टायर टाकले की पाच वर्षं बघायला नको." या शेवटच्या वाक्यावर नऊ जणांनी अंगठा उंचावला.

त्या नऊ जणांत दोघे असे आहेत, जे दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री माझ्याबरोबर गाडी ढकलत होते. म्हणून हा लेख.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, कबूल. पण आपल्याकडे काळी माती आहे. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, परतूर असं गोदावरीकडे उतरत गेलं की ती खोल होत जाते. हीच माती आपल्याला कापूस देते, आणि हीच पावसाळ्यात गाड्या गिळते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आटली की हातभर भेगा पडतात. भिजलेली असताना ती एकाच वेळी चिकट आणि निसरडी असते. बर्फ निदान चाकाला चिकटून तरी बसत नाही हो! आमचा बर्फ काळा असतो, एवढाच फरक. आणि तो दर वर्षी ठरल्या वेळी येतो, तरी दर वर्षी आम्हाला त्याचं नवल वाटतं.

आता ती रात्र. आमची बोलेरो आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर. त्या उन्हाळ्यात चारही टायर झिजले होते. शहरातल्या एका दुकानात गेलो. चार घ्यायचं जिवावर आलं, म्हणून दोनच नवे घेतले. दुकानदाराने टायरच्या बाजूवरची 'एम प्लस एस' ही अक्षरं दाखवली. म्हणाला, "मड अँड स्नो. चिखल, बर्फ, कुठेही घाला." मी खूश. आणि ते दोन नवे टायर बसवले पुढे. का? तर "स्टेअरिंग पुढे असतं ना, दादा." सगळेच तसं करतात. मीही केलं. जुने दोन राहिले मागे.

आषाढात एका रात्री अकराच्या सुमारास आखाड्यावर नानांच्या छातीत दुखायला लागलं. नाना म्हणजे माझे मोठे काका. आखाड्यापासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर. त्यातला ओढ्यालगतचा तीन-चारशे मीटरचा तुकडा म्हणजे निव्वळ काळी माती. दोन दिवस झड लागलेली. त्या तुकड्यात गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उतरून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर मागच्या टायरच्या उरल्यासुरल्या खाचा मातीने गच्च भरलेल्या. टायर कसला, पोळपाटावरचं लाटणं. मी घाबरून आणखी रेस केली. जितकी रेस केली तितकी गाडी रुतली, शेवटी मागचा एक्सल मातीला टेकला. पुढचे कोरे करकरीत टायर मात्र नक्षी मिरवत शांत उभे होते. त्यांना काही कामच नव्हतं.

शेजारच्या आखाड्यावरून ट्रॅक्टर आणला. ओढताना त्या गृहस्थांनी टायरवर पाय ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, जोर कुठल्या चाकाला हाय तुमच्या गाडीत? अन् नवं टायर कुठं घातलंय?"

बस्स. एवढंच म्हणाले ते.

पन्नास मिनिटं गेली. नाना मागच्या सीटवर आडवे होते. कुरकुर नाही, काही नाही. मधूनच विचारायचे, "अजून किती राहिलंय रे?" जालन्याला पोचलो. डॉक्टरांनी वाचवलं. पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला, तासभर आधी आला असतात तर फरक पडला असता, हेही त्यांनी सांगितलं. आज नाना आहेत, पण आखाड्यापर्यंत चालत जाता येत नाही. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोललं नाही. म्हणूनच ते जास्त टोचतं.

त्यानंतर नात्यागोत्यात जो सल्ल्यांचा पाऊस पडला, त्याचा एकदा हिशेब करायचाच आहे.

सल्ला पहिला: मागच्या चाकांवर चालणारी गाडीच वाईट, विकून टाक. का बरं? भरलेली गाडी चढावर निघते तेव्हा वजन मागे झुकतं आणि मागच्या चाकांची पकड वाढते. म्हणून तर ओझं वाहणाऱ्या गाड्यांचा जोर मागे असतो. तिची खोड एकच. गाडी रिकामी असली की इंजिनाचं वजन पुढे आणि मागची चाकं हलकी. ही खोड ओळखून टायर निवडायचे असतात. बैल मारका आहे हे माहीत असून त्याच्या मागे उभं राहायचं आणि मग बैलाला शिव्या द्यायच्या, यात कसला शहाणपणा?

सल्ला दुसरा: फोर बाय फोर घे. म्हणजे टायरच्या पैशांत काटकसर करणाऱ्याला लाखांचा उपाय! चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी चिखलातून निघायला मदत होते, हे खरं. पण थांबताना? ब्रेक तर कुठल्याही गाडीत चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर आडवी म्हैस आली की इंजिनाचा जोर किती चाकांना आहे याने काही होत नाही. तिथे प्रश्न उरतो तो फक्त जमिनीला टेकलेल्या चार तळहाताएवढ्या रबराचा. गुळगुळीत टायरची फोर बाय फोर चिखलात जास्त आत जाऊन रुतते, बस!

सल्ला तिसरा, हा आमच्या पुतण्यांचा: रुंद टायर टाक, अलॉय टाक, गाडी दबंग दिसते. दिसते ना! पण पातळ चिखलात रुंद टायर वर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर तो थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. बर्फाच्या देशांतही थंडीसाठी जमेल तिथे थोडे अरुंद टायर वापरतात ते याचसाठी. आपल्या पणजोबांच्या बैलगाडीचं चाक आठवा. उंच, अरुंद, वर लोखंडी धाव. तळ नसलेल्या खोल चिखलात उलटा हिशेब लागतो, तिथे रुंदी कामाला येते, हे मान्य. पण तिथे मुळात गाडी घालूच नये. थोडक्यात काय, तर कंपनीने दिलेलं माप सोडू नका. बोलेरोचं २१५/७५ आर १५ हे माप कोणीतरी विचार करूनच ठरवलंय.

सल्ला चौथा: रस्त्याचं बोल, टायरचं काय बोलतोस? हा सल्ला मला पटतो, आणि म्हणूनच जास्त चीड येते. पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ साली आली. रस्ता मागायलाच हवा, त्यासाठी भांडायलाच हवं. पण रस्ता होईपर्यंतच्या प्रत्येक पावसाळ्यात छातीत दुखणाऱ्या माणसाला काय सांगायचं? थांबा, प्रस्ताव गेलाय?

आता त्या 'एम प्लस एस'ची गोष्ट. नंतर आतेभावाला फोन केला तेव्हा तो हसलाच. ही अक्षरं कंपनी नक्षीच्या ठेवणीवरून स्वतःच छापते, त्यामागे बर्फाची किंवा चिखलाची कुठलीही परीक्षा नसते. खऱ्या थंडीच्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, ते बर्फावर चाचणी दिल्यावरच मिळतं. जर्मनीने तर ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या 'एम प्लस एस'ला हिवाळी टायर मानणंच बंद केलं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आणि आम्ही दोन अक्षरांवर भुललो.

पण म्हणून आतेभावाचे टायर इथे मागवू नका हं! त्यांचं रबर साधारण सात अंशांखालीही मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. आपल्या मे महिन्यात ते खोडरबरासारखं झिजेल. शिवाय गंमत बघा, बर्फाचा टायर खाचांमध्ये बर्फ धरून ठेवतो, कारण बर्फावर बर्फाचीच पकड चांगली बसते. चिखलाच्या टायरने नेमकं उलट करायचं असतं, चाक फिरताना चिखल बाहेर फेकायचा. त्यासाठी खाचा मोठ्या, मोकळ्या आणि कडेला उघडणाऱ्या हव्यात. आतेभावाकडून टायर घ्यायचा नाही, त्याची शिस्त घ्यायची: आपली जमीन कोणती, आपली गाडी कोणती, ते पाहून चारही टायर एकसारखे.

मग थेट चिखलासाठीचे, मोठ्या गट्टूंचे टायर का नाही घेतले? कारण माझी गाडी दीड किलोमीटर चिखलात चालते आणि उरलेली सगळी डांबरावर. ते टायर डांबरावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. म्हणून मधल्या जातीचे, ज्यांना दुकानात 'ऑल टेरेन' म्हणतात ते, कंपनीच्या मापात, चारही एकाच वेळी घेतले. मागच्या चाकांचे लवकर झिजतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे बदलतो. आणि कधी दोनच घ्यायची वेळ आली, तर नवे मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू आहे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि तिला सावरणारा ड्रायव्हर आपल्या घराण्यात तरी नाही :)

बाकीचं किरकोळ. पावसाळ्यात मागच्या एक्सलच्या वर वाळूची दोन पोती, दोरीने घट्ट बांधून. चिखलात शिरण्याआधी हवा वीस पौंडांपर्यंत उतरवायची, टायर पसरतो, पकड वाढते. पण डांबराला लागताच पुन्हा भरायची, त्यासाठी छोटा पंप गाडीतच. हे विसरून समृद्धीवर चढलात तर संपलं. ताशी १२० च्या वेगाला कमी हवेचा टायर बाजूने सारखा दबतो, तापतो आणि फुटतो. आधी कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्या रस्त्याला दोष द्यायला आम्ही सगळ्यात पुढे, पण टोलनाक्याच्या आधी हवा किती जणांनी बघितली?

एवढं करून मी जिंकलो का? नाही. मागच्या पावसाळ्यात एकदा रुतलोच. पण पाच मिनिटांत निघालो, ट्रॅक्टर न बोलावता.

तेव्हा अंगठा उंचावणाऱ्या नऊ जणांनो, एक काम करा. आज बाहेर जाऊन गाडीशेजारी वाका. टायरच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानेही टायर संपला. मग बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी दिसत असली तरी रबर म्हातारं झालंय. गाडीच्या रंगावरून आपण घरात महिनाभर भांडतो, सीटकव्हरला चार दुकानं हिंडतो, आणि ज्याच्यावर अख्खं घर बसून जातं त्याची निवड दुकानदाराच्या दोन वाक्यांवर सोडतो. याला काटकसर म्हणू नका.

असो. फार लांबलं. नाना हे वाचणार नाहीत, त्यांना ब्लॉग-बिग कळत नाही. पण परवा ते ओट्यावर बसून मला टायरच्या खाचांतली माती काडीने काढताना बघत होते. म्हणाले, "झालं का समाधान?"

नाही झालं, नाना.

ता.क. आतेभावा, तुझ्या फोटोला मी अंगठा दिला नव्हता. हा लेखच समज.