सुटले, पण का सुटले?

आमच्या महाविद्यालयाच्या वाचनकक्षात इंग्रजी दैनिकाची एकच प्रत येते आणि तिच्यातले शब्दकोडे सकाळी दहाच्या आत कोणीतरी भरून टाकलेले असते. पहिल्या वर्षी मी ते भरलेले चौकोन नुसती पाहत बसे. सूचना समोर, उत्तरही समोर. पण या सूचनेचे हेच उत्तर का, ते काही केल्या कळत नसे. एकदा धीर करून एका ज्येष्ठ विद्यार्थ्याला विचारले. तो हसून म्हणाला, "त्याला इंग्रजी मुरलेलं लागतं." कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. मुरलेले इंग्रजी आणायचे कोठून?

पुढे आमच्या एका सरांनी ग्रंथालयाच्या दारात उभ्या उभ्या मला एक जुनी, प्रसिद्ध सूचना घातली. "एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. पाच अक्षरी शब्द सांग." मी गप्प. "अगं, एचपासून ओपर्यंत. एच टू ओ. शाळेत विज्ञान होतं ना?" पाणी! 'वॉटर'! मला इतके हसू आले की ग्रंथपालांनी 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवले. यात मुरलेले इंग्रजी कोठे आहे? शाळेच्या पुस्तकातले पाणीच आहे. त्याच दिवशी समजले, की या कोड्यांत 'फ्लॉवर' दिसला की फुलामागे धावायचे नाही. जी 'फ्लो' होते, वाहते, ती नदीही असू शकते. ही रीत आहे, आणि रीत कोणीतरी सांगावी लागते. ज्यांच्या घरी ती सांगितली जाते त्यांना ती बुद्धी वाटते, एवढेच!

साधे शब्दकोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात प्रथम छापले. त्याला गूढ वळण दिले ते इंग्लंडने. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड मॅथर्स 'टॉर्केमाडा' या नावाने कोडी रचू लागले. मूळचा टॉर्केमाडा हा स्पेनमधला धर्मछळाचा प्रमुख. यावरून सोडवणाऱ्यांचे काय हाल होत असतील ते ओळखावे. त्यांच्यानंतर आलेल्या मॅकनट यांनी 'झिमेनीझ' या नावाने कोडी रचली आणि १९६६ साली या खेळाच्या नियमांवर पुस्तकच लिहिले. त्यांचा आग्रह असा, की सूचनेत एक वाट अर्थाची, दुसरी बांधणीची. दोन्ही एकाच शब्दापाशी मिळाव्यात आणि मध्ये फालतू शब्द नसावा. म्हणजे छळणाऱ्यानेही आपले उत्तर सिद्ध करून दाखवले पाहिजे.

आपल्याकडे मात्र बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे एक पर्व होऊन गेले. सूचनेला दोनतीन शब्द सारखेच जुळायचे आणि जिंकायचा तो, ज्याचे शब्द संयोजकांच्या बंद पाकिटातल्या शब्दांशी जुळतील. १९५५ साली अशा स्पर्धांवर कायदा झाला आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला यांच्या खटल्यात अशा स्पर्धेला जुगारच ठरवले. मला हा निर्णय फार पटतो. ज्या उत्तराचे कारण सांगता येत नाही त्यावर पैसे लावा की मार्क, गोष्ट एकच. आमच्या परीक्षांची गाईडे आठवा. मोबाईलवर कोड्याचे उत्तर क्षणात मिळते तेही तसेच.

माझी मैत्रीण म्हणते, "साहेबांचा खेळ आपल्याला कशाला?" खेळ साहेबांचा खरा, पण कूट काही त्यांनी आणले नाही. मुक्ताबाईंचे कूट अभंग आहेत, कलगी-तुऱ्याच्या फडातले भेदिक सवाल आहेत. फडात तर जवाब सगळ्या गावासमोर उलगडावा लागे. माझी आजी शाळेत गेलेली नाही. ती उमाणे घालते, "हरलीस का?" म्हणून तीनदा विचारते, आणि मग उत्तर सांगून थांबत नाही, कोणता शब्द कशासाठी होता ते बोटांवर मोजून दाखवते.

म्हणून यंदा आम्ही चौघीजणी मराठीतच रचून पाहतो आहोत. अडचणी आहेत. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी, कशीही विस्कटावीत. आपली काना-मात्रा अक्षराला घट्ट बिलगलेली. तरी जमते. 'विस्कटून विकता अशी कवीची निर्मिती (३)' : 'विकता'ची अक्षरे हलवली की 'कविता'. 'मास्तरांची मोटार राज्य चालवते (४)' : 'सर' आणि 'कार', झाले 'सरकार'. हे दुसरे फळ्यावर लिहिले तेव्हा शिपाईकाकांनी सर्वांत आधी सोडवले, आणि कसे तेही सांगितले. इंग्रजीच्या त्या ज्येष्ठ विद्यार्थ्याला दोन दिवस लागले.

आमची मागणी लहानशीच आहे. वाचनकक्षातले एक टेबल, खिडकीजवळचे, बोलण्यासाठी मोकळे असावे. तोवर ही एक घ्या : 'उसातून निघालेला उलटा होऊन वर्गात शिकवतो (२)'. उत्तर येईल त्याने ते नुसते लिहून देऊ नये. दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली यावे आणि कसे आले ते सांगावे.